उंदरात गाठी होत नाहीत
"उंदरांवर प्रयोग होतातच, मग प्रयोगशाळेतल्या बशीत मानवी पेशींपासून मेंदू वाढवायची हौस कशाला?" हे म्हणणं अल्झायमरपुरतं तरी पटत नाही. या आजाराची मानवी जनुकं घातलेल्या उंदरांच्या मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन पेशींबाहेर साचतं, पण या आजाराची दुसरी खूण, म्हणजे चेतापेशींच्या आत होणाऱ्या टाऊ प्रथिनाच्या गाठी, काही होत नाहीत. २०१४ साली बोस्टनमध्ये किम आणि टँझी या संशोधकांनी मानवी चेतापेशी जेलीसारख्या घट्टसर पदार्थात वाढवल्या, तेव्हा कुठे बशीत दोन्ही एकत्र दिसलं.

बाकी 'मेंदू' म्हणणं जरा जास्तच होतं. व्हिएन्नातल्या २०१३ च्या पद्धतीने होणारे ऑर्गनॉइड (मूळपेशींपासून वाढवलेले, मेंदूसारखी रचना असलेले ऊतींचे गोळे) म्हणजे द्रावणात तरंगणारे मसुराएवढे फिकट गोळे. रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे वाढले की आतला भाग प्राणवायूवाचून मरतो. शिवाय पेशी गर्भातल्या वयाच्या, आणि आजार शोधायचा सत्तरीतला!