आईकडचा धागा एवढंच सांगतो

कुणीतरी म्हटलंय की स्पेनमध्ये सापडलेल्या प्राचीन मानवांच्या हाडांमुळे 'सगळं मानवशास्त्र उलटंपालटं झालं', आणि आजच्या माणसाचा उगम आफ्रिकेत झाला ही मांडणीही मोडीत निघाली. थोडं थांबा. आतापुएर्काच्या डोंगरातल्या 'सिमा दे लोस उएसोस' म्हणजे 'हाडांची खाई' या खड्ड्यात किमान २८ जणांचे अवशेष सापडले, सुमारे ४ लाख वर्षांपूर्वीचे. त्यातल्या एका मांडीच्या हाडाला भोकं पाडून जेमतेम दोन ग्रॅम भुकटी काढली, आणि २०१३ मध्ये लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या माथियास मायर आणि मंडळींनी तिचा मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातला डीएनए, वाचला. कवट्या-दात निअँडरथलकडे, म्हणजे युरोपातल्या नामशेष झालेल्या मानवांकडे झुकणारे, आणि डीएनए मात्र हजारो किलोमीटर लांब सायबेरियातल्या डेनिसोव्हन या दुसऱ्या नामशेष मानवगटाच्या जवळचा! गोंधळ उडाला तो इथे.

पण मायटोकाँड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो. आजीच्या आजीची एकच रेघ. बाकी शेकडो पूर्वज त्यात दिसतच नाहीत. २०१६ मध्ये त्याच खड्ड्यातल्या नमुन्यांचा पेशीच्या केंद्रकातला, आईबाप दोघांकडून येणारा डीएनए थोडाफार हाती लागला आणि ही माणसं निअँडरथलचेच जुने भाऊबंद निघाली. मग नंतरच्या निअँडरथलांचा मायटोकाँड्रियल डीएनए वेगळा का? एक तर्क असा, की आफ्रिकेतून आलेल्या आपल्या पूर्वजांच्या नातलगांशी संकर होऊन तो बदलला. मला हा पटतो. बायका दोन्हीकडून इकडेतिकडे गेल्याच असणार. सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत जिचं हाड सापडलं त्या मुलीची आई निअँडरथल आणि बाप डेनिसोव्हन होता, हे २०१८ मध्ये कळलंच की.

तेव्हा 'आफ्रिकेतून उगम' ही मांडणी या हाडांमुळे मोडीत निघालेली नाही.