मदत हवी आहे: घरातल्या जुन्या मार्टिनी बंदुकीवर देवनागरी आकडे. नेपाळची की ग्वाल्हेर दरबारची?

नमस्कार मंडळी,

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले. पणजोबांपासून चालत आलेली एक बंदूक घरात आहे (परवाना वडिलांच्या नावावर). सगळे तिला 'सत्तावनची बंदूक' म्हणतात, पण ते जुळत नाही. १८५७-५८ च्या एनफिल्ड ठासणीच्या होत्या. ही मागून भरायची आहे. दस्त्याखालचा लिव्हर ओढला की आतला ठोकळा खाली बसतो आणि काडतूस सरकवायला वाट होते. म्हणजे मार्टिनी-हेन्रीचे घराणे, आणि मार्टिनी-हेन्री इंग्रजी फौजेत आली १८७१ साली. त्याआधीच्या स्नायडरला बाजूला उघडणारे झाकण असते, ते हिला नाही.

खरी अडचण पुढेच आहे. इंग्लिश मार्टिनीच्या उजव्या अंगावर मुकुट, व्ही. आर. (राणी व्हिक्टोरियाची अक्षरे), कारखान्याचे नाव आणि साल ठोकलेले असते. आमच्या बंदुकीवर ती जागा कोरी आहे. नळीवर मात्र हाताने कोरलेले देवनागरी आकडे आहेत. त्यातले शेवटचे चार १९५१ असे वाचता येतात, ५ चे वळण आपल्या छापील ५ सारखे नाही. हा विक्रम संवत धरला तर इसवी सन १८९४ येते.

नेपाळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जनरल गहेंद्र शमशेर राणांची बंदूक तयार होत असे. बाहेरून ती मार्टिनीसारखीच, आत गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी चपटी स्प्रिंग. सगळे हातकाम, त्यामुळे एकीचा भाग दुसरीला सहसा बसत नाही. काठमांडूच्या जुन्या शिलेखान्यातून (शस्त्रागारातून) अशा बंदुका २००३ साली अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या, तेव्हा संग्राहकांना त्यांची नीट ओळख झाली. ग्वाल्हेरला नेपाळी बंदूक येणे अशक्य मुळीच नाही, ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंद्यांचे आजोळच नेपाळच्या राणा घराण्यातले. पण ग्वाल्हेरच्या नाण्यांवरही संवतच असे, तेव्हा नुसत्या सालावरून निकाल लागत नाही. शिवाय हिंदी पलटणींना एक पिढी मागचे हत्यार द्यायची इंग्रजांची रीत होती. १८९४ ला गोऱ्या सैन्याकडे नवी ली-मेटफर्ड रायफल आली होती, म्हणजे तेव्हा संस्थानी फौजेत मार्टिनी असणे अगदी शक्य आहे.

ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारच्या शिलेखान्याचा शिक्का किंवा आकडे असलेली बंदूक कुणी प्रत्यक्ष पाहिली आहे का? कुठे आणि कसे लिहिलेले होते? इंदूर, बडोद्याच्या जुन्या घरांतली उदाहरणेही चालतील. ठोकळ्याची पिन न काढता आतली स्प्रिंग चपटी की गुंडाळीची हे ओळखता येते का? मी अजून काहीही उघडलेले नाही.

दुसरे म्हणजे गंज. नळीवर तांबूस थर आहे, आकड्यांच्या खाचांतही शिरलाय. एका कारागिराने बफिंग करून चकचकीत करून देतो म्हटले, मी साफ नाही म्हटले. ते आकडे पुसले गेले तर तिची ओळखच जाईल. आकड्यांना धक्का न लावता गंज फक्त तिथेच थांबवायला नेमके काय लावावे, आणि लाकडी दस्त्याला जवसाचे तेल चालेल का?

काका म्हणताहेत, ठाण्यात जमा करा आणि मोकळे व्हा. वडिलांनी दिवाळीपर्यंत थांबायचे कबूल केले आहे.