देवगडजवळ राहतो, आंब्याच्या धंद्याचा मोबाईल नंबर पोर्ट करू (नंबर तोच, कंपनी दुसरी) की राहू दे? सीझनच्या आधी सल्ला हवाय

बागवाला_देवगड

नमस्कार मंडळी. देवगडपासून आत एका वाडीत घर आणि कलमांची बाग आहे. आत्ता ज्या कंपनीचं सीम आहे तिचं नाव घेत नाही, नाहीतर सगळे आपापली कंपनी घेऊन भांडायला येतात आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. तर झालंय असं की गेली दोन वर्षं घरात रेंज मिळत नाही. पडवीत एक काडी, खळ्यात आलं की दोन, आणि कोणाशी नीट बोलायचं असेल तर मागच्या गडग्यावर चढायचं. गेल्या मे महिन्यात पुण्याचं एक गिऱ्हाईक चाळीस पेट्यांची ऑर्डर द्यायला सकाळपासून फोन करत होतं, मला मिस्ड कॉलचे मेसेज आले संध्याकाळी सात वाजता, सगळे एकदम. तोवर त्याने दुसरीकडून माल उचललेला.

आता शेजारच्या वाडीतले तिघं जण पोर्ट करून मोकळे झाले, म्हणतात मस्त चालतंय. माझी अडचण अशी की हा नंबर पंधरा वर्षांचा आहे, पुठ्ठ्याच्या बॉक्सवर छापलेला आहे आणि यंदाचे बॉक्स छापून माळ्यावर पडलेत. नंबर गेला तर धंदा गेला. शिवाय आईचा नंबर पण त्याच कंपनीत आहे, ती साधा बटणाचा फोन वापरते. आणि रिचार्ज केलाय तो मार्चअखेरपर्यंतचा. पोर्ट करण्यात फायदा किती, धोका किती, कोणी स्वतः केलंय का? आत्ता मोहर फुटलाय, म्हणजे हातात फार वेळ नाही.

कुडाळचो_झिलगो

गडग्यार चढल्याशिवाय हॅलो म्हणूक मिळना नाय ही गजाल आमच्याकडे पण हा रे बाबा! आमचे आजोबा तर फोन घेवन माडाखाली जातत. कंपनी बदल नायतर माड बदल.

चिपळूणची_माई

मी उलट बाजूने सांगते, कारण मी केलं आणि पस्तावले. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या ऑफिसमधल्या लोकांचं ऐकून पोर्ट केलं, ते सगळे राहतात शहरात आणि आम्ही खाडीच्या पलीकडे. बाजारात फुल रेंज, घरी शून्य. मुलीच्या ॲडमिशनचा फॉर्म रात्री बारापर्यंत भरायचा होता आणि ओटीपी येईना, मी भर पावसात एका हातात छत्री एका हातात मोबाईल धरून चढावर उभी, ओटीपी यायचा आणि खाली लॅपटॉपपर्यंत येईस्तोवर त्याची वेळ संपलेली. शेवटी मुलीला वर उभं केलं आणि तिने आकडे ओरडून सांगितले, म्हणजे अख्ख्या वाडीला आमचा ओटीपी माहीत!! परत पोर्ट करायला गेले तर दुकानदार म्हणाला ताई 90 दिवस थांबावं लागेल, एकदा पोर्ट केलं की तेवढे दिवस हलता येत नाही. तीन महिने काढले तसेच.

म्हणून म्हणते दादा, शेजारच्या वाडीत चालतं म्हणून तुमच्याकडे चालेल असं नाही. मध्ये एक टेकडी असली की झालं.

कणकवली_रिचार्जवाला

माझं मोबाईलचं दुकान आहे त्यामुळे रोज पाच सहा जण हेच विचारतात, जरा सविस्तर लिहितो, कंटाळलात तर सोडून द्या.

पहिलं म्हणजे नंबर जाण्याची भीती काढून टाका. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे, आणि जुलै 2015 पासून तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलात तरी नंबर तोच राहतो. त्यासाठी एक मेसेज पाठवायचा असतो, PORT ऐवजी कोणी काही वेगळं टाईप करतं म्हणून तो अडतो बाकी काही नाही, इंग्रजीत पोर्ट, एक स्पेस, दहा आकडी नंबर, आणि पाठवायचं 1900 ला. उलट आठ अक्षरी कोड येतो तो 4 दिवस चालतो, त्याच्या आत आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात यायचं. कोड कोणालाही फोनवर सांगायचा नाही, कितीही गोड बोलला तरी. आपल्या सर्कलमध्ये, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या आपल्या विभागात, 3 कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमधून आणायचा असेल तर 5. जुनं सीम बंद पडून नवं चालू व्हायला मध्ये काही तास जातात, बहुतेक रात्रीच होतं. विचार बदलला तर अर्ज केल्यापासून 24 तासांत कॅन्सल करता येतो.

आता कुठे अडतं ते ऐका. पोस्टपेड असेल तर बिल थकलेलं चालत नाही. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले पाहिजेत. आणि 1 जुलै 2024 पासून नवा नियम आहे, हरवलं म्हणून किंवा खराब झालं म्हणून सीम बदलून घेतलं असेल तर 7 दिवस कोडच मिळत नाही. फसवणूक थांबवायला आणलाय, पण लोकांना माहीत नसतं, सीम बदलून दुसऱ्या दिवशी पोर्ट करायला येतात आणि माझ्यावर चिडतात.

सगळ्यात मोठा तोटा रिचार्जचा. जुन्या कंपनीत जेवढे दिवस आणि जेवढा बॅलन्स शिल्लक असेल तो पाण्यात. तुमचा मार्चअखेरपर्यंत आहे म्हणजे आत्ता केलंत तर दोन अडीच महिन्यांचे पैसे सोडा. पण मार्चअखेरीस करायला गेलात तर ऐन तोडणीच्या तोंडावर नवीन नेटवर्कशी खेळत बसाल, आणि नाही पटलं तर 90 दिवस म्हणजे आंबा संपून पाऊस सुरू. तो माईंचा अनुभव तुमच्या बाबतीत बरोबर सीझनवर येऊन पडतो, हा हिशोब आधी करा.

आईच्या फोनचं वेगळं. जिओवर 2जी नाहीच, त्यामुळे जुना बटणाचा फोन त्यावर लागणार नाही, 4जी चालणारा बटणाचा घ्यावा लागेल. एअरटेल, व्ही (व्होडाफोन आयडिया), बीएसएनएल यांच्याकडे 2जी आहे. आणि बीएसएनएलच्या 4जी साठी जायचं असेल तर आपल्या फोनमध्ये 700 मेगाहर्ट्झ म्हणजे बँड 28 आहे का बघून या, खूप जुन्या मॉडेलात नसतो, मग फोन बऱ्याचदा 2जी वर बसतो आणि लोक कंपनीला शिव्या देतात. 700 चा फायदा असा की कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते आणि भिंतीतून जरा बरी आत शिरते, आपल्या डोंगराळ भागात ते महत्त्वाचं. जांभ्याच्या जाड भिंतींना 2300 वालं सिग्नल भेदत नाही, खळ्यात फुल आणि माजघरात गुल होतं ते त्याच्यामुळेच बऱ्याचदा.

पैशाचं म्हणाल तर जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एका आठवड्यात दर वाढवले तेव्हा माझ्याकडे बीएसएनएलला जायची रांग लागली होती. त्यातले काही टिकले, काही सहा महिन्यांत परत आले. स्वस्त म्हणून गेलेले परत आले, घरी रेंज बघून गेलेले टिकले. एवढंच मी बघितलंय.

डोंबिवली_टू_मालवण

चाकरमानी बोलतोय, शिव्या नकोत. वर कोणीच बोललं नाही ते मी सांगतो कारण आम्हीच त्याला कारण आहोत 😀 जानेवारीत तुम्ही टेस्ट कराल, नेट पळेल, खूश व्हाल. मे महिन्यात आणि गणपतीत आम्ही सगळे येतो तेव्हा त्याच टॉवरवर चौपट माणसं. काड्या चार असतात आणि व्हॉट्सॲपला घड्याळ फिरत राहतं. रेंज असणं आणि टॉवरवर जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या गावात गेल्या गणपतीत ज्या कंपनीचं सीम सगळ्यात जास्त लोकांकडे होतं तीच सगळ्यात आधी झोपली, आणि एका काकांचं कोणी वापरत नाही ते सीम टकाटक चालत होतं, आरतीचं लाईव्ह त्यांच्याच हॉटस्पॉटवर दाखवलं मुंबईला. त्यामुळे सगळे जातात तिकडे जाण्यात एवढा पण फायदा नाही.

माझा नंबर मुंबई सर्कलचा आहे, गावी राहायला गेलो तर महाराष्ट्र सर्कलला बदलून घेऊ का असं एकाने विचारलं होतं मला. रोमिंगचा वेगळा चार्ज आता नसतो, कशाला त्रास.

दाभोळ_खाडी

टॉवरवरून आठवलं. बागवाला, तुमच्याकडे लाईट गेली की रेंज किती वेळाने जाते? हे मोजा. आमच्याकडे लाईट जाऊन दोन तास झाले की नेटवर्क पण जायचं, बॅटरी संपते आणि जनरेटरचं डिझेल टाकायला कोणी येत नाही. मी चिडून कंपनी बदलली, पुढच्या वेळी लाईट गेली, परत दोन तासांनी तेच! नंतर कळलं की दोन्ही कंपन्यांचे अँटेना एकाच टॉवरवर भाड्याने लावलेले. लोखंड एक, बॅटरी एक. निसर्ग वादळाच्या वेळी 3 जून 2020 ला तर कुठलीच कंपनी नव्हती, कित्येक दिवस. म्हणून टॉवर कुठला ते आधी बघा, मग बोर्डावरचं नाव.

बागवाला_देवगड

बापरे, एवढं कळलं असतं तर गेल्याच वर्षी विचारलं असतं. सगळ्यांचे आभार. लाईट गेल्यावर साधारण तीन तासांनी जाते रेंज, आणि टॉवर म्हणाल तर समोरच्या डोंगरावर एक दिसतो, त्यावर कोण कोण आहे देव जाणे. रिचार्जवाले दादा, टेस्ट करायची म्हणजे नक्की कशी? शेजाऱ्याचा फोन आणून बघितला, त्यात तीन काड्या दिसल्या.

कणकवली_रिचार्जवाला

शेजाऱ्याचा फोन नको. काड्या प्रत्येक कंपनी आणि प्रत्येक फोन आपल्या मनाने दाखवतो. तुमच्याच फोनमध्ये दुसरा स्लॉट असेल तर जिकडे जायचंय तिचं नवीन सीम घ्या, छोटा रिचार्ज मारा आणि महिनाभर दोन्ही एकाच फोनमध्ये ठेवा. सेटिंगमध्ये अबाउट फोन, मग सीम स्टेटस, तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ आकड्यात दिसते, उणे असते. उणे 90 च्या आसपास म्हणजे छान, उणे 110 च्या पलीकडे गेलं की बोलताना तुटणार. पडवी, माजघर, पेट्या भरता ती शेड, बागेचं खालचं टोक, सगळीकडे उभं राहून लिहून काढा. रात्री आठ नऊला पण बघा तेव्हा लोक मोबाईलवर असतात. एप्रिल 2025 पासून कंपन्यांना आपापल्या वेबसाईटवर रेंजचा नकाशा द्यावा लागतो, तो पण बघा, पण नकाशात तुमच्या घरामागची टेकडी दिसेलच असं नाही.

घरात केबलवाल्याचं फायबर आहे का? असेल तर आहे त्या सीमवर वायफाय कॉलिंग चालू करून बघा आधी, फोनमध्ये आणि कंपनीकडे सोय असेल तर फुकट आहे. कित्येकांचं पोर्ट मी तिथेच थांबवलंय, धंदा बुडवून.

चिपळूणची_माई

वायफाय कॉलिंगला राऊटरची छोटी बॅटरी पण घ्या हो, लाईट गेली की वायफाय पहिलं जातं. आणि पोर्ट झाल्यावर पैसे पाठवायच्या ॲपला परत मेसेज पाठवून नंबर नोंदवून घ्यावा लागतो, गिऱ्हाईक समोर उभं असताना ते करत बसू नका.

बागवाला_देवगड

उशीर झाला सांगायला, मोहराला फवारणी चालू होती. नवीन सीम घेऊन तीन आठवडे काढले. वहीत आकडे लिहिलेत. घरात नवीन सीम उणे 104, जुनं उणे 113. शेडमध्ये नवीन उणे 92, तिथे तर गिऱ्हाइकाशी व्हिडिओवर बोललो, फळ दाखवलं. पण बागेच्या खालच्या टोकाला, वहाळाकडे, नवीन अजिबात नाही आणि जुनं येतं. म्हणजे अर्धं असं अर्धं तसं. मधे एक दिवस लाईट गेली तर दोन्ही दहा मिनिटांच्या अंतराने गेले, दाभोळवाले बरोबर बोलले.

शेवटी असं ठरवलंय की बॉक्सवरचा नंबर पोर्ट करायचा, कारण ऑर्डर घेतो ती शेडमध्ये, वहाळाकडे नाही. टेस्टसाठी घेतलेलं सीम पुतण्याला देऊन टाकतो. आईचं सीम आहे तिथेच राहू दे, ती बटणाचा फोन सोडणार नाही आणि वहाळाकडे काजी गोळा करायला तीच जाते, तिला हाक मारायची तर तोच नंबर लागतो. दोन महिन्यांचा रिचार्ज बुडतोय त्याचं वाईट वाटतं पण चाळीस पेट्यांपुढे काहीच नाही ते.

आज सकाळी 1900 ला मेसेज टाकला. घरातून तीन वेळा फेल झाला. गडग्यावर चढून पाठवला तेव्हा गेला. उद्या कणकवलीला येतो दादा, आधार घेऊन. दुकान किती वाजता उघडता?

कणकवली_रिचार्जवाला

साडेनऊला. कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि येताना आईचा फोन पण आणा, चार्जिंगची पिन ढिली असेल तर बसवून देतो.