मदत हवी आहे: मेंदूतल्या साध्या गाठीत मेलानोमाच्या पेशी सापडल्या

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावचे. आण्णा ६८ वर्षांचे, जन्म द्राक्षबागेत गेला. दोन वर्षांपूर्वी टाचेवर काळा डाग दिसला. काटा मोडला असेल म्हणून आम्ही सगळ्यांनीच दुर्लक्ष केलं, ते अजून मनाला लागतं. (आपल्याकडे मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, बरेचदा तळपायाला किंवा नखाखाली होतो, हे तेव्हा कुठं माहीत होतं!) मिरजेत ऑपरेशन झालं, डाग काढला.

मेंदूच्या आवरणावर त्यांची जुनी मेनिन्जिओमाची गाठ होती. साधी, कॅन्सरची नाही, फक्त लक्ष ठेवा असं सांगितलेलं. यंदा ती अचानक वाढली, डोकं दुखायला लागलं, म्हणून काढली. बायोप्सीत त्याच गाठीच्या आत मेलानोमाच्या पेशी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, अशा गाठीला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे रक्तातून आलेल्या पेशी तिथं रुजू शकतात. पण हे फार क्वचित घडतं, आणि तेही जास्त करून स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये.

आता पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड घेऊन परळला टाटामध्ये दुसरं मत घ्यायचं ठरवलंय. कुठलं औषध लागू पडेल ते बघायला ब्रॅफ आणि किट जनुकांची तपासणी कुणी करून घेतली आहे का? इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार) सुरू केलेलं कुणी सांगली-कोल्हापूर भागात आहे का? खर्च कसा उभा केला? आण्णांना अजून सगळं सांगितलेलं नाही. तुमच्या घरात अशी वेळ आली तेव्हा कसं सांगितलंत, तेही लिहा.