मुदत टळलेलं पॅकेट पुढे पाठवायचंच कशाला?

प्रवाही:
काल बहिणीशी व्हिडिओ कॉल चालू होता. तिच्या फोनवर फोटोंचा बॅकअप सुरू झाला आणि तिचा आवाज तुटायला लागला. बॅकअप थांबवल्यावर काही क्षणांत सगळं सुरळीत. लाइन तीच, वेग तोच. म्हणजे घोळ राउटरमध्ये साचणाऱ्या पॅकेटांच्या, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांच्या, रांगेत आहे.

हिशोब बघा. कॉलमध्ये आवाजाचं पॅकेट साधारण दर २० मिलिसेकंदांनी निघतं. अपलोड १ एमबीपीएस असेल तर बॅकअपचं १५०० बाइटचं एक पॅकेट बाहेर पडायला १२ मिलिसेकंद लागतात. राउटरच्या बफरमध्ये (पॅकेटं थांबवून ठेवायच्या जागेत) अशी शंभर पॅकेटं पुढे उभी असली की आवाज १.२ सेकंद ताटकळतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस सांगते की एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा. म्हणजे ते पॅकेट पोचतं तेव्हा त्याचा काही उपयोग उरलेला नसतो, तरी आपण ते इमानेइतबारे वाहतो. पॅकेटवर मुदत लिहा, ज्याची आधी संपते ते आधी सोडा, संपलेलं फेका. ज्याची मुदत आधी त्याचं काम आधी, हे लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी प्रोसेसरसाठी १९७३ मध्येच मांडलंय.

दोन_टोकं:
साफ असहमत. मुदत लिहिणार कोण? उद्या बॅकअपवालाही '५ मिलिसेकंद' लिहून मोकळा होईल. पॅकेटवर प्राधान्य लिहायची डिफसर्व्ह ही पद्धत आणि तिचे शिक्के १९९८ पासून आहेत, पण एका नेटवर्कची हद्द ओलांडली की ते बरेचदा पुसले जातात, कारण परक्याच्या शिक्क्यावर कुणाचा भरवसा नाही. शिवाय लिऊ-लेलँडची सगळं मुदतीत होण्याची हमी भार १०० टक्क्यांच्या आत असेपर्यंतच. त्यापुढे गेलात की ही पद्धत मरायला टेकलेल्या पॅकेटांनाच आधी धरते आणि एकामागून एक सगळीच उशिरा पोचतात. त्यापेक्षा पाठवणाऱ्याने रांग वाढतेय हे ओळखून आपला बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) उतरवावा.

प्रवाही:
भार वाढल्यावर काय होतं ते मान्य, म्हणून तर फेकायचं म्हणतोय. पण बहिणीच्या ॲपने बिटरेट उतरवलाच होता, चित्र पार धूसर झालं होतं. मोकळी झालेली जागा बॅकअपनेच खाल्ली. कॉलने एकट्याने किती सोसायचं?

कोडेकवाली:
'फेका' म्हणणं सोपं आहे हो. मी व्हिडिओवर काम करते, मला विचारा. आय-फ्रेम म्हणजे स्वतःपुरतं पूर्ण चित्र; तिचा तुकडा गेला की पुढची आय-फ्रेम येईपर्यंत तिच्यामागून येणाऱ्या सगळ्या फ्रेम त्या खराब चित्रावरच रचल्या जातात. उलट जिच्यावर काहीच अवलंबून नाही अशी फ्रेम गेली तर बघणाऱ्याला बहुतेक कळतही नाही. दोघींची मुदत सारखी असू शकते, किंमत नाही. आणि कॉल एन्क्रिप्टेड असल्यावर आतली किंमत राउटरला दिसणार कशी? काय टाकायचं ते पाठवणाऱ्यानेच ठरवावं.

रात्रपाळी:
मुदत नको, शिक्काही नको. राउटरवर एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळायची पद्धत लावा (इंटरनेट मानकांचा दस्तऐवज आरएफसी ८२९०, २०१८). प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी, आणि तुरळक पॅकेटं पाठवणाऱ्याला आपोआप आधी संधी. कॉलचा आवाज नेमका तसाच असतो, त्यामुळे बॅकअपला खोटं बोलून काही मिळत नाही. रांगेतला उशीर सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला की ते पॅकेटं टाकायला लागतं. मी घरच्या राउटरवर हे लावलं, अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवली, म्हणजे रांग मोडेममध्ये न साचता माझ्या ताब्यात राहते. तेव्हापासून मोठी फाइल चढवतानाही बोलता येतं.

प्रवाही:
घरात हे पटलं, आजच लावतो. पण मोबाइलवर बेस स्टेशनची (मोबाइल टॉवरची) रांग माझ्या हातात नाही. आणि नेटवर्कला मुदत पाळताच येत नाही असं कुणी म्हणेल, तर ते तिथेच खोटं ठरतं. एलटीईत (४जी) व्होल्टीच्या, म्हणजे मोबाइल कंपनीच्या स्वतःच्या कॉलच्या, आवाजाला क्यूसीआय १ हा सेवेचा वर्ग मिळतो, उशिराची मर्यादा १०० मिलिसेकंद. ॲपवरचा कॉल सहसा क्यूसीआय ९ मध्ये जातो, मर्यादा ३०० आणि शेजारी बॅकअप. बोलणारी माणसं तीच. मग मुदत फक्त कंपनीच्या स्वतःच्या कॉललाच का?

दोन_टोकं:
हा प्रश्न रास्त आहे. पण तो नियमांचा आहे, शेड्युलरचा (कोणतं पॅकेट आधी सोडायचं ते ठरवणाऱ्याचा) नाही.