बाजार मुक्त, भाव मात्र गोठलेला

'तेल कंपन्यांच्या नफ्यात सरकारने नाक खुपसू नये, बाजार मुक्त आहे' हे वाचून हसूच आलं. कागदावर पेट्रोल २०१० ला सरकारी भावनियंत्रणातून मुक्त झालं, डिझेल २०१४ ला. २०१७ पासून भाव रोज सकाळी सहाला बदलायला लागले. पण आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या पंपावर जुलै २०२२ पासून पावणेदोन वर्षं पेट्रोलचा आकडा १०६ रुपयांच्या आसपास चिकटलेला होता. क्रूड, म्हणजे कच्चं तेल, वर गेलं, खाली आलं, आकडा हलेना. पंपावरचा पोरगा तर बोर्डाकडे बघायचाही नाही, पाठच झाला होता त्याला. एप्रिल-जून २०२२ च्या तिमाहीत इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या सरकारी कंपन्यांनी तोटा सोसला, २०२३-२४ मध्ये तिघींनी मिळून सुमारे ८१ हजार कोटी कमावले. आणि दोन रुपये कमी कधी झाले? मार्च २०२४, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर! (योगायोगच म्हणायचा.)

ठाणेकरांना तर आणखी एक चिमटा होता. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत पेट्रोलवर २६ टक्के व्हॅट, बाकी राज्यात २५. तो फरक राज्याच्या २०२४ च्या अर्थसंकल्पात गेला. मालक, कर घेणारा आणि भाव ठरवणारा एकच असेल, तर हस्तक्षेप नेमका कुणी कुणाच्या कामात करायचा?