अनुभव धागा: बाबासाहेबांमुळे तुमच्या घरात नेमकं काय बदललं?

माझे आजोबा सोलापुरात एका कापड गिरणीत सूतखात्यात होते. त्यांना साच्यावर, म्हणजे मागावर, जायचं होतं, कारण विणकामात पगार जास्त. पण धोट्यातली, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी साधनातली, सुताची कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. आमच्या माणसाचं तोंड लागलेला धोटा दुसरा कुणी तोंडाला लावणार नाही, म्हणून ते खातं आम्हांला बंद. मुंबईच्या गिरण्यांतही हीच रीत होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना नेमका हाच प्रश्न विचारला होता, की मजूर सगळे एक म्हणता, मग विणकाम खात्याची दारं आमच्या मजुरांना कधी उघडणार? आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ही हकीकत त्यांना तोंडपाठ होती. भोंगा झाला, ते घरी आले, की मला आणि माझ्या चुलतभावाला समोर बसवून पेपर मोठ्याने वाचायला लावायचे. अडखळलो की ओळ पुन्हा पहिल्यापासून. आज मी ग्रंथालयात काम करते. ती सवय त्या ओसरीवरची.

बाबासाहेबांनी स्थापलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह काढलं, ते ४ जानेवारी १९२५ ला, आपल्या सोलापुरात. चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर दोन वर्षांनी झाला. मुलांना राहायला जागा, अंगावर कपडा आणि हातात वही मिळावी, ही तजवीज आधी झाली. ते वसतिगृह सांभाळणारे जिवाप्पा ऐदाळे १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून आले. आपल्या शहराला याचा अभिमान हवा तेवढा वाटत नाही, असं मला फार वाटतं.

तर जयंती जवळ आलीय. भाषणं आपण ऐकणारच आहोत. इथे घडलेलं लिहा. नाव नको, जात सांगायलाच हवी असंही नाही. फक्त घरात, कामावर, स्वतःच्या मनात काय बदललं, तेवढं.

वळसंग, जि. प. शिक्षक

ताई, आमच्या गावात बाबासाहेबांची विहीर आहे. आमच्या माणसांनी ती स्वतः खणली आणि पहिलं पाणी बाबासाहेबांच्या हातून काढायचं ठरवून त्यांना बोलावलं, ते आले. आमच्या घरात नवी सून आली की तिला आधी त्या विहिरीवर नेतात. घरी नळ आहे, पाण्यासाठी कुणी नेत नाही.

मला सांगायचंय ते माझ्या पहिल्या नेमणुकीचं. गाव सांगत नाही. पोषण आहाराच्या पंगतीला दोन मुलं जरा अंतर सोडून बसायची. त्यांना कुणी तसं बसा म्हणलं नव्हतं, आपोआप बसायची, तेच जास्त लागलं. अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे हे कलम १७ मध्ये आहे, डी.एड.ला मी ते लिहून मार्क मिळवलेले. पण तिसरीतल्या पोराला कलम काय सांगणार? दुसऱ्या दिवसापासून हजेरीच्या क्रमांकाने पंगत बसवायला लागलो. एक पालक आले. त्यांना म्हणलं, हजेरी घेताना ज्या क्रमाने नावं घेतो त्याच क्रमाने वाढतो, त्यात गैर काय ते लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं नाही. आठवडाभर त्यांचा मुलगा शाळेत आला नाही, हेही सांगायला हवं. मग आला, आणि त्याचा क्रमांक होता तिथे बसला. पुढे बदली होईपर्यंत मी रोज पंगतीत पोरांसोबत जेवलो.

सेटलमेंट भाग

आमची आज्जी सेटलमेंटच्या तारेच्या आत वाढली, म्हणजे सरकारने आमच्या जमातींना डांबलेल्या वस्तीत. गुन्हेगार जमात म्हणून १८७१ पासून चालत आलेल्या कायद्याने जन्मापासूनच शिक्का. रोजची हजेरी, बाहेर जायला पास. तो कायदा देशभरातून पूर्ण गेला १९५२ मध्ये. आज्जीला तारखा माहीत नव्हत्या. मतदानाचा दिवस मात्र तिचा सण असायचा. सकाळी डोक्यावरून पाणी घेऊन, पेटीतलं लुगडं नेसून ती पहिल्या रांगेत. बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे सगळ्या सज्ञान माणसांना मत मागितलं होतं, हे मी तिला कॉलेजात गेल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे हजेरी घेणाऱ्या सायबाला एक, अन् मला बी एकच?" मी म्हणलं होय. मग बराच वेळ ती बोटावरची शाई बघत बसली.

अक्कलकोट तालुका, आता राहणार जुळे सोलापूर

मी लिहू की नको असं झालं होतं. आम्ही लिंगायत, घरात कन्नड. बाबासाहेब म्हणजे "त्यांचे" असंच लहानपणी ऐकलं.

वडील गेल्यावर दहाव्याच्या आत हक्कसोड पत्राचा कागद समोर आला. दोघे भाऊ म्हणाले, "अक्का, सही करून टाक, माहेर टिकेल." सगळ्याच बहिणी सही करतात, त्यामुळे वाईट हेतूने म्हणाले असं मी आजही म्हणणार नाही. मी पेन हातात घेतलं होतं. पण बोरमाळ मोडून माझी फी भरणारी आई कोपऱ्यात बसली होती. तिच्या नावावर आयुष्यभर एक वीत जमीन नव्हती. म्हणलं, दोन दिवस द्या.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण बुधवार पेठेतली. डबा खाताना तिने सांगितलं की हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रीपद सोडलं. बायकांच्या वारसाहक्कासाठी मंत्रीपद सोडणारा माणूस! मला पदवी होती, मला हे कुणी शिकवलं नव्हतं. पुढे त्याच बिलाचे तुकडे होऊन १९५५-५६ मध्ये चार कायदे झाले. मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क आपल्याकडे १९९४ ला आला, देशभर २००५ ला. म्हणजे माझा हक्क कागदावर होताच, मीच तो सोडायला निघाले होते.

सही केली नाही. तलाठी कार्यालयात किती खेपा झाल्या ते विचारू नका. सातबाऱ्यावर नाव लागलं, वाटणीत दीड एकर आली. धाकट्याने दोन वर्षं राखी बांधून घेतली नाही. तिसऱ्या वर्षी आला, बसला, पाणी प्याला, हात पुढे केला. जमिनीचा विषय आम्ही दोघांनी काढला नाही. मी त्या जमिनीत तूर करते, आणि आईला पहिल्यांदा सांगते, तुझ्या लेकीच्या शेतातली डाळ आहे ही.

धाग्याची सुरुवात करणारी

अक्का, लिहिलंत ते फार बरं केलं. तुमच्या मैत्रिणीला हा धागा जरूर दाखवा.

पूर्व भाग, परिचारिका

मी तेलुगू घरातली. आई विड्या वळायची. पानं भिजवा, कातरा, तंबाखू भरा, हजार झाल्या की कारखान्यात न्या, तिथे वाकड्या काढून पैसे कापायचे. माझ्या वेळी बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी तिने पुन्हा सूप मांडीवर घेतलं. मला दोन मुलं, दोन्ही वेळा भरपगारी २६ आठवडे रजा. मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब बोलले होते, हे मला संघटनेच्या एका बैठकीत कळलं. आमच्या घरात त्यांचा फोटो नव्हता. आता आहे, मार्कंडेयाच्या शेजारी. आईनेच खिळा ठोकून घेतला.

बुधवार पेठ, वय २७

मला चांगलं लिहिता येत नाही. तीनदा राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दिली, नाही निघाली. पुण्याहून परत आलो तेव्हा घराबाहेर पडायची लाज वाटायची. विहारात दुपारी कुणी नसतं म्हणून तिथे जाऊन बसायचो. मग गल्लीतली दहावीची पोरं येऊन गणितं विचारायला लागली. आता अभ्यासिका चालते, ३० खुर्च्या आहेत, रात्री साडेअकरापर्यंत. जयंतीला आम्ही सलग १८ तास अभ्यास ठेवतो. पहाटे सहाला बसायचं, रात्री बाराला उठायचं. मागच्या वर्षी सातवीतली एक मुलगी शेवटपर्यंत बसली, तिची आई दोनदा भाकरी घेऊन आली.

मंडळात डॉल्बीवरून माझं भांडण झालंय. मिरवणूक हवीच, तो आनंद आमच्या आजोबांनी मार खाऊन मिळवलेला आहे. पण छातीत धडधडेल एवढ्या आवाजाला निम्मी वर्गणी जाऊ नये. काही मित्र बोलत नाहीत. अभ्यासिकेला इन्व्हर्टर हवाय.

नाव नको, गाव नको

बँकेत आहे. पगार चांगला, बोलणं चांगलं. भाड्याने घर बघायला गेलो की "पूर्ण नाव काय?" नाव सांगितलं की "मिस्टरांना विचारून कळवते." चार घरं झाली. पाचव्या ठिकाणी मी स्वतःहून आधी म्हणलं, आम्ही बौद्ध, जयंतीला दारात निळा झेंडा लावतो, चालेल का? ते काका म्हणाले, गच्चीवर लावा, वाऱ्याला चांगला फडकेल. तिथे राहतोय.

विजापूर रोड

आमच्याकडे २२ प्रतिज्ञा सगळ्यांना पाठ. सासरे दर पौर्णिमेला विहारात बोलतात, फार सुंदर बोलतात. मी कायद्याच्या पदवीला प्रवेश घेते म्हणल्यावर मात्र घर गप्प झालं. संध्याकाळी कॉलेज, मग स्वयंपाक कोण करणार?

मी वाद घातला नाही. सासऱ्यांच्याच कपाटातून बाबासाहेबांच्या भाषणांचा खंड काढला. २० जुलै १९४२, नागपूरची महिला परिषद. समाजाची प्रगती मी त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असं ते तिथे म्हणाले. ते पान उघडं ठेवून जेवायच्या टेबलावर ठेवलं आणि कुकर लावायला गेले. सासरे ते वाचून उठले, आणि रात्री नवऱ्याला म्हणाले, उद्यापासून कणीक तू मळायची. आज दुसऱ्या वर्षाला आहे. पोळ्या अजून नवऱ्याला जमत नाहीत, भाकरीचा तर विषयच नाही, पण सातच्या आत घरी या असं आता कुणी म्हणत नाही. राग एवढाच आहे की यासाठी मला पुस्तकाची साक्ष काढावी लागली.

धाग्याची सुरुवात करणारी

हे वाचून गप्प बसले. आमच्या ओसरीवर पेपर वाचायला मी आणि चुलतभाऊ होतो. माझी मोठी बहीण तेव्हा आत भांडी घासत होती. आजोबांनी तिला कधी बाहेर बोलावलं नाही, आणि मलाही इतक्या वर्षांत ते आठवलं नाही. आज तिला फोन करते.

मोहोळ तालुका

उशीर झाला लिहायला. आमची आई दरवर्षी पाच डिसेंबरच्या रात्री दादरला निघते. रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते, तरी भाकरी, लाल चटणी आणि रिकामी पिशवी घेऊन जाते. चैत्यभूमीला रांगेत सात-आठ तास. येताना पिशवीत पुस्तकं. तिला वाचता येत नाही, विक्रेत्याला विचारून घेते, कधी एकच पुस्तक दुसऱ्यांदा येतं. दिवाणाखाली ४० वर्षं साठलेली पुस्तकं आहेत. आम्ही भावंडं त्यातूनच वाचायला लागलो. मी एस.टी.त वाहक झालो, बहीण तालुक्याला वकिली करते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीने आज्जीला अक्षरं शिकवायला घेतली. वय ७१. सध्या पाटीवर जोडाक्षरं चाललीत, "द्ध" काही केल्या येत नाही, तिथे दोघी हसत बसतात. यंदा दादरला विक्रेत्याला काय विचारायचं ते तिने आत्ताच ठरवून ठेवलंय: "मोठ्या अक्षराचं दे बाबा, माझं मला वाचायचंय."